एका कोपऱ्यातला गारवा

उन्हाळ्यात कोंबड्यांना कसं जपावं हे विचारणारी माणसं मला अजून भेटतात आणि मी त्यांना उत्तरही देते. उत्तर चुकीचं नसतं. पण देता देता माझा मलाच गोंधळ होतो. त्या एका मे महिन्यात मला इतक्या जणांनी इतकं सांगितलं होतं की त्यातलं कुणाचं कुठं लागू पडलं आणि कुणाचं कुठं नडलं, हे आजतागायत मला धड सुटं करता आलेलं नाही. वाईट याचं वाटतं की त्यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं.

बारामतीजवळच्या जळोचीची मी, लग्न करून इंदापूरकडच्या वरकुट्याला आले ती नव्वदचं दशक निम्मं सरल्यावर. घरात माणसं तीनच. आमचे हे लोणी देवकरला फॅक्टरीत होते. आज पहिली पाळी, उद्या दुसरी, त्यामुळे ते घरात असले तरी बहुतेक झोपलेलेच असायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. तिसरे सासरे. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले.

आबांची हयात मेंढरांमागं गेली होती. मी आले तेव्हा चाळीसेक मेंढरं होती आणि आबांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. सकाळी कळप घेऊन निघायचे ते दुपारी एखाद्या बांधावर बसून राहायचे आणि मेंढरं लोकांच्या उसात. रोजची भांडणं दारात यायची. हे त्यांना समजावून थकले. शेवटी मीच मधे तोंड घातलं. माहेरी आमच्या शेजारी कोंबड्यांची शेड होती, शाळेतून आले की मी तिथंच पडीक असायचे. अंडी गोळा करायची, खाद्य घालायची, आजारी कोंबडी लांबून ओळखायची, एवढं मला येत होतं. मी म्हटलं, "आबा, मेंढरं इका आन् कोंबड्या करू. घरात बसून राखता येतील."

आबा दोन दिवस कळपामागंच राहिले. तिसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "पोरी, माझ्या जित्राबाला लांडग्यानं नेलं, रोगानं नेलं, एक गाडीखाली बी आलं. पर उन्हानं माझ्या हातात आजवर एक बी मेलं न्हाय. तुझ्या कोंबड्यास्नी हे जमंल का?"

"जमंल," मी म्हटलं. म्हणायला काय जातंय!

मेंढरं गेली त्या दिवशी आबा जेवले नाहीत. शेवटच्या कातरणीची लोकर तेवढी त्यांनी ठेवून घेतली आणि सणगराकडून तिची घोंगडी विणून आणली. काळी, जाड, चिंचोक्याच्या खळीनं कडक झालेली. ती ते अंगावर घेत नसत. घडी करून उशाशी ठेवायचे, सणावाराला देवापुढं अंथरायचे आणि परत घडी. मला त्या घोंगडीची जरा भीतीच वाटायची. घरात चाळीस मेंढरं अजून आहेत आणि ती माझ्याकडं बघतायत, असं काहीतरी.

मेंढरं कोंडायची त्याच जागी पत्र्याची शेड उभी केली. चारी बाजूंनी कमरेएवढी भिंत, वर जाळी, खाली शेंगांच्या टरफलांचा थर. दोनशे तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या. दिवाळीनंतर त्या अंड्यावर आल्या आणि सगळा हिवाळा मी गावात नाक वर करून हिंडले. आबा मात्र शेडीत पाऊल टाकत नव्हते. बाहेरच्या निंबाखाली दगडावर बसायचे आणि आत बघायचे. "ह्या कुणाकडं बघतच न्हाईत," असं एकदा म्हणाले. "मेंढरू माणसाकडं बघतं."

मार्च संपला आणि माझं नाक खाली आलं.

कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून लांब धरायचे, एवढाच तिचा गारवा. एप्रिलमध्येच दुपारी सगळी शेड तोंड उघडून उभी असायची. अंडी कमी झाली, होती त्यांचं कवच इतकं पातळ की बोट लावलं की आत जायचं. मी घाबरले आणि दिसेल त्याला विचारत सुटले. इथंच माझं चुकलं असेल कदाचित. एकालाच विचारायला हवं होतं.

बारामतीचा खाद्याचा दुकानदार म्हणाला, उन्हाच्या वेळी खाऊ घालू नका, खाल्लं की आतून गरम होतं. सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर घाला. बारामतीलाच जनावरांचे एक डॉक्टर होते, ते म्हणाले, जाळीला पोती ओली करून लावा, पण चारी बाजू बंद करू नका, वारा पाहिजे, आणि दुपारी आत जाऊन त्यांना पळवू नका, पळाली की मेली. शेजारची बाई म्हणाली, पाण्यात गूळ घाल. आमचे हे म्हणाले, फॅक्टरीत जिथं जास्त गरम होतं तिथं पंखा लावतात, यात विचारायचं काय? आणि आपला निजायचा पंखा नेऊन शेडीत ठेवला. लाईट असली की तो फिरायचा. लाईट दुपारी हटकून जायची.

मी सगळंच करत होते. पत्र्यावर चुना मारला, वर उसाचं पाचट अंथरलं. सकाळ-दुपार माठातलं पाणी आणून भांडी बदलत होते. पोती भिजवत होते, ती अर्ध्या तासात वाळून खडखडीत व्हायची. आणि दहा वाजता खाद्याची भांडी उचलून ठेवत होते. अकराला बघावं तर भांडी भरलेली! मला कळेना. मी उचलायचे, ती परत भरायची. तिसऱ्या दिवशी आबांना रंगेहाथ पकडलं. जाळीतून हात घालून ते दाणे टाकत होते.

"आबा, उन्हाचं खाऊ घालायचं न्हाय म्हणून सांगितलंय ना!"

"जित्राबाच्या म्होरचा घास काढायचा? आसलं कुठं आस्तंय व्हय? आमी दुष्काळात बी काढला न्हाय."

मी दुकानदाराचं नाव पुढं केलं, आबांनी आपल्या बापाचं केलं. मला राग आला होता आणि खोटं कशाला बोलू, त्यांची कीवही आली होती. पहिल्यांदाच ते कोंबड्यांना जित्राब म्हणाले होते. मी भांडी घरात नेऊन ठेवली. आबा रुसले.

मेच्या मध्यावर एक दिवस असा उगवला की सकाळी आठलाच पत्रा तडतडायला लागला. हे पहिल्या पाळीला गेले होते. लाईट बाराच्या आधीच गेली. वारा पडला होता, निंबाचं पान हलत नव्हतं. मी पोती भिजवून भिजवून दमले. विहिरीवर माझ्या किती खेपा झाल्या असतील देव जाणे. एका कोंबडीची मान डुलायला लागली तसा माझा धीर सुटला आणि मी तिथंच मातीत बसून रडले. आबा दगडावरून बघत होते. ते उठले, गुडघ्यांवर हात ठेवत घरात गेले आणि ती घोंगडी घेऊन आले.

मी म्हटलं, "आबा, ती नको."

"लोकर पाणी सोडत न्हाय," आबा म्हणाले. "तुझं पोतं वाळतंय. हे सांजपतोर वलं ऱ्हातं."

त्यांनी घोंगडी हौदात बुडवली. पाणी पिऊन ती इतकी जड झाली की दोघांना मिळून उचलावी लागली. ओल्या लोकरीचा वास सगळ्या अंगणात पसरला. आबांनी तो नाकात ओढून घेतला, हे मी पाहिलं. मग आम्ही ती मावळतीकडच्या कोपऱ्यात बाहेरून जाळीला टांगली. रानात असताना ते असंच करायचे म्हणे. दोन काठ्यांवर ओली घोंगडी ताणायची, तिच्या सावलीत कोकरं येतात, मग मोठी मेंढरं येतात, आणि सगळी एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात. "डोस्कं गार तर जनावर गार," आबा म्हणाले. "तशी डोकी घातली की समजायचं, निभलं. मग त्यास्नी हलवायचं न्हाय. आपन बी उभं ऱ्हायाचं न्हाय. गप बसायचं."

आणि खरंच, अर्ध्या तासात कोंबड्या सरकायला लागल्या. एक, दोन, मग दहा, मग सगळ्याच. बंद पंखा सोडून, वाळकी पोती सोडून त्या कोपऱ्यात जमल्या आणि चोची खाली घालून एकमेकींना चिकटून बसल्या. इतका वेळ चाललेला धापांचा आवाज कमी झाला.

"बघ," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा मी असा आधी कधी पाहिला नव्हता. "कळतंय त्यास्नी. मेंढरागत डोकी घातली."

मला आत कुठंतरी खटकत होतं. माहेरच्या शेडीत उन्हात कोंबड्या लांब लांब बसायच्या, अशा एकीवर एक नाही. उठून आत जावं आणि त्यांना पांगवावं असं दोनदा मनात आलं. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुपारी आत जाऊ नका. आबाही तेच म्हणत होते, हलवायचं नाही. एवढ्या महिन्याभरात दोन माणसांचं एका गोष्टीवर पहिल्यांदा जमलं होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी निंबाला टेकून बसले आणि चक्क डुलकी काढली. आबा मला मेंढरांची नावं सांगत होते.

चारच्या सुमाराला ते मारुतीच्या पारावर गेले. मी पाणी घेऊन आत गेले. वरच्या कोंबड्या उठल्या, पंख झाडून बाजूला झाल्या. खालच्या उठल्या नाहीत.

सतरा. मी घमेल्यात भरल्या तेव्हा हाताला भाजत होत्या. काय झालं हे मला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं बहुतेक. खाद्य? आज तर उन्हाचा दाणाही घातला नव्हता. पाणी? भांडी भरलेली. पंखा? तो तर रोजच बंद असतो. गूळ जास्त झाला? मी वेड्यासारखी एकेक आठवत होते आणि आबा फाटकातून आत आले. त्यांनी घमेलं पाहिलं.

"उन्हानं?" त्यांनी विचारलं.

एवढा एकच शब्द. त्यांची सगळी हयात त्यात होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाय आबा. रोग असंल. उद्या डॉक्टरला दाखवून येते."

आबांनी मान हलवली. दगडावर जाऊन बसले. संध्याकाळी त्यांनी घोंगडी स्वतःच सोडवली आणि वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी बारामतीला निघाले. एक मेलेली कोंबडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पिशवीच्या तळाला, वर कांदे. शेजारच्या सीटवरची बाई सारखी पदर नाकाला लावत होती आणि मी खिडकीबाहेर बघत कांद्यांनाच नावं ठेवत होते. खरं सांगायचं तर सगळ्या वाटेत मी देवाकडं एकच मागत होते, रोग निघू दे. जिवंत राहिलेल्या कोंबड्यांनाही तो लागेल, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. आपण काय मागतोय याचं भान असलं तर ना.

डॉक्टरांनी कोंबडी चिरून पाहिली. रोग नव्हता. मग त्यांनी विचारलं, "पडल्या कुठं होत्या?"

"कोपऱ्यात."

"सगळ्या एकाच कोपऱ्यात? एकमेकींखाली?"

मी हो म्हटलं.

"तिथं काय गार होतं का?"

मी घोंगडीचं सांगितलं. ते हात धूत होते, धुता धुताच बोलले. एकाच ठिकाणी गारवा केला की सगळ्या तिकडं धावतात, आणि खालच्या गुदमरून मरतात. मेंढरू उभं राहतं, त्याच्या पोटाखालून वारा जातो. कोंबडी बसते. गारवा करायचा तर सगळीकडं सारखा करायचा, नाहीतर नाही.

"पण तुम्हीच म्हणाला होता, आत जाऊ नका."

"म्हणालो होतो खरा," ते म्हणाले आणि टॉवेलला हात पुसत राहिले. मग ताकदीच्या पावडरीची एक पुडी माझ्या हातात दिली, पाण्यातून द्यायला.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्याचा भुगा झाला. आबांना खरं सांगावं, तर उन्हानं मेल्या, आणि त्याही त्यांच्या शेवटच्या घोंगडीखाली. मेंढरं माझ्या शब्दावर विकली होती, आता उरलेलं हेही मीच काढून घ्यायचं? आणि खोटं सांगावं तर आज दुपारी ते घोंगडी परत टांगतील, परत गर्दी होईल. रोग म्हणून सांगावं आणि घोंगडी लपवावी? धुवायला टाकली म्हणावं? वरकुट्याचा फाटा आला तरी माझं काही ठरलं नव्हतं. उतरले तेव्हा पुडी हातात धरून उतरले, एवढंच.

अकरा वाजत आले होते. आबा निंबाखाली बसले होते, मांडीवर पोतं पांघरल्यासारखं पसरलेलं.

"काय म्हनला डॉक्टर?"

"रोगच हाय म्हणाले आबा." मी पुडी दाखवली. "हे औषध दिलंय. पाण्यातनं द्यायचं."

"रोग."

"व्हय."

आबांनी पुडी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, "मग आज घोंगडं टांगू का?"

हो म्हटलं तर कोंबड्या मरणार, नाही म्हटलं तर का म्हणून विचारणार. "नको," मी म्हटलं. "म्हंजी... लोकरीतनं रोग पसरतो म्हणं."

मेंढपाळाला सांगत होते मी, लोकरीतनं रोग पसरतो म्हणून! आबांनी मांडीवरचं पोतं बाजूला केलं.

खाली घोंगडी होती. चार तुकडे. शेजारी मेंढरं कातरायची ती जुनी कातर, आणि तुकड्यांच्या कडा उसवू नयेत म्हणून त्यांनी सुतळीनं टाके घातले होते. तीन तुकड्यांचे झाले होते, चौथ्याचे निम्मे. हे काही मी फाटकातून आत आल्यावर सुरू झालेलं काम नव्हतं. मी एसटीत बसायच्या आधीच ते शेडीत जाऊन त्या कोपऱ्यात बसून आले असणार. पहिल्यांदाच आत गेले असणार. टरफलांवर त्यांच्या पावलांचे ठसे मी नंतर पाहिले.

"चारी कोपऱ्याला लाव," आबा म्हणाले. "एका जागी गारवा केला की गर्दी व्हती. मेंढराचं येगळं. ते हुबं ऱ्हातं."

मग मला का विचारलं? सगळं कळलेलं असताना, तुकडे मांडीवर असताना, टांगू का म्हणून का विचारलं? मी खरं बोलते का ते बघायला? की मला खरं बोलायला एक जागा ठेवली होती आणि मी तिथंही लोकरीचा रोग काढला? मी हे त्यांना कधी विचारलं नाही. ते होते तोवर रोज विचारीन म्हणायचे आणि रोज राहून जायचं. आज मला वाटतं त्यांनी पारख केली, उद्या वाटतं माया केली.

त्या दुपारी चार कोपऱ्यांना चार ओले तुकडे टांगले. आबा काठी घेऊन शेडीच्या दारात बसले आणि कुठं चार कोंबड्या एकत्र आल्या की काठी जमिनीवर हलकेच आपटायचे. तेवढ्यानं त्या सुट्या व्हायच्या, पळायच्या नाहीत. खाद्याच्या भांड्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी एकही गेली नाही.

ऊन उतरल्यावर वाटेनं चाललेला शेजारचा एक शेतकरी फाटकापाशी थांबला. आबांच्याच वयाचा, मेंढरांच्या दिवसांपासूनचा. "आबा, कोंबड्या मेल्या म्हणं तुमच्या? रोग आला म्हनत्यात."

रोगाचं गावात मीच सकाळी एसटीची वाट बघताना सांगून आले होते. मी बादली घेऊन शेडीच्या दारात उभी होते. आबांनी रोग म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं.

"रोग न्हाय," आबा म्हणाले. "उन्हानं मेल्या. सतरा. माझ्या हातात."

उन्हानं आपल्या हातात एक बी मेलं न्हाय, हे आबांचं जुनं बोलणं त्या माणसालाही ठाऊक होतं, साऱ्या गावालाच ठाऊक होतं. मी बादली खाली ठेवली, फाटकापाशी गेले आणि म्हणाले, "मी बी हितंच व्हते."